मोटरहोमच्या चाकांना साखळ्या: बर्फात निघणाऱ्या मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपला की मला फोन सुरू होतात. "नाताळात मोटरहोम मनालीला न्यायचीय, चेन घेऊ का?" विचारणारे ठाण्याचे, डोंबिवलीचे, बोरिवलीचे. कसारा आणि बोरघाट शंभरदा चढलेले, पण बर्फाची ओळख फ्रिजच्या ट्रेपुरती. मीही त्यातलाच होतो. चार हिवाळे गाडी वर नेली, त्यानंतर जी उत्तरं फोनवर देतो ती इथे एकदाच लिहून ठेवतो.

चेन नक्की करते काय?

टायरवर लोखंडी कड्यांची जाळी चढते आणि गाडीच्या वजनाने ती कडी बर्फात रुततात. कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. गाड्यांनी दाबून घट्ट केलेल्या बर्फावर तो ०.२-०.३ वर येतो आणि काचेसारख्या बर्फावर ०.१ च्या आसपास. जूनच्या पहिल्या सरीला उड्डाणपुलावर तेल, धूळ आणि पाण्याचा चिखल होऊन दुचाक्या पटापट आडव्या होतात ना, त्याहून हे कितीतरी वाईट. त्यातही कडक थंडीतला बर्फ थोडा तरी धरतो. शून्य अंशाच्या जवळपासचा, वर पाण्याचा पातळ थर सुटलेला बर्फ सगळ्यात घसरडा. मनालीजवळच्या सोलंगला उन्हाच्या दुपारी तोच वाट्याला येतो.

मित्राची एसयूव्ही चेन लावून आरामात गेली. मग मोटरहोम का नाही जाणार?

चढेलही. माझी काळजी उतरताना सुरू होते. भरलेली मोटरहोम सहज साडेतीन-चार टनांची असते. १०० लिटर पाण्याची टाकी म्हणजे १०० किलो, त्यावर बॅटऱ्या, सिलिंडर, गाद्या आणि आईने बरोबर दिलेला भाजणीचा डबा. चेनने पकड वाढते, वजन एक ग्रॅमही कमी होत नाही. गाडी उंच असल्याने आडवा वारा तिला ढकलतो, आणि मागच्या चाकांच्या मागे लोंबणारा भाग आखूड वळणावर बाहेर फेकला जातो.

मुंबई ते मनाली जवळपास दोन हजार किलोमीटर आहे. त्यात चेन लागते ती शेवटच्या वीस-पंचवीस किलोमीटरना. तेवढ्यासाठी गाडी खाली ठेवून स्थानिक जीप केली तर सहल कमी होत नाही. मी निम्म्या वेळा तेच करतो. चेन मात्र दरवेळी बरोबर असते, कारण रात्रीत बर्फ पडला तर जिथे उभे आहोत तिथून खाली यायलाही ती लागते.

चेन पुढच्या चाकांना की मागच्या?

इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते त्यांना. फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेली मोटरहोम मागच्या चाकांवर चालते, म्हणून चेन मागे. टाटा विंगरवर बांधलेली असेल तर ती पुढच्या चाकांवर चालते, म्हणून चेन पुढे. भाड्याने घेत असाल तर हे आधी विचारा. "साहेब, काही फरक पडत नाही" असं उत्तर आलं तर दुसरा मालक शोधा.

दोन्हींच्या खोडी वेगळ्या. मागे चेन लावलेली गाडी चढ चांगला चढते, पण स्टिअरिंग पुढच्या उघड्या टायरांच्या भरवशावर असतं. वळणात वेग जरा जास्त झाला की चाकं वळलेली आणि गाडी सरळच चाललेली. पुढे चेन लावलेल्या गाडीचं उलटं: पुढचा भाग बर्फ धरतो, पण उतारावर ब्रेक लागला की जड मागचा भाग पुढे येऊ पाहतो आणि गाडी आडवी होते. शिवाय मागे सामान ठासून भरलं असेल तर चढावर पुढची चाकं हलकी पडतात आणि चेन असूनही जागेवर फिरतात. अशा वेळी जड सामान पुढच्या बाजूला सरकवा.

खर्च परवडत असेल तर पुढे आणि मागे अशा दोन जोड्या. एकच जोडी असेल तर ती नेहमी ताकदीच्या चाकांना, एक डावीकडे आणि एक उजवीकडे.

मागे जोडचाकं आहेत. चारही टायरांना चेन लागते का?

दोन पर्याय आहेत. एक, बाहेरच्या टायरला साधी चेन. दोन, दोन्ही टायरांवर एकत्र पसरणारी जोडचाकांची चेन. दुसरी जास्त धरते, पण इतकी जड असते की एकट्याने उचलून चढवताना कंबर धरते. मी पहिलीच वापरतो. मात्र दोन टायरांच्या फटीत दगड किंवा बर्फाचा गोळा अडकलेला नाही, हे हात घालून बघतो.

साइज कशी ओळखायची?

टायरच्या बाजूवर लिहिलेली असते. समजा २१५/७५ आर १५ आहे: २१५ मिलिमीटर रुंदी, उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंचाची. हे तिन्ही आकडे चेनच्या पेटीवरच्या यादीत असायला हवेत. "त्याच्या जवळपासची" चालत नाही. सैल चेन फेकली जाते, घट्ट चेनचं कडं जुळतच नाही. आधीच्या मालकाने टायर बदलले असतील तर कागदावरच्या साइजवर विसंबू नका, खाली वाकून प्रत्यक्ष टायर वाचा.

त्याच वेळी चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा, आतल्या बाजूचा ब्रेकचा पाइप आणि सस्पेन्शन बघा. चेनच्या जाडीला तिथे जागा हवी. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये चेन लावू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय संपला.

एकाने मला विचारलं होतं, नागदेवी स्ट्रीटवरून वजनावर साखळी आणून वेल्डरकडून करून घेऊ का. नको. ती साखळी वजन ओढायला केलेली असते. टायरखाली दर फेरीला चिरडली जाऊन तुटली की तुकडा ब्रेकच्या पाइपवर बसतो.

शिडीसारखी, चौकटीची की कापडी?

शिडीसारख्या चेनमध्ये आडव्या साखळ्या असतात. स्वस्त आणि दणकट, पण दोन आडव्या साखळ्यांच्या मधल्या जागेत टायर उघडा राहतो, गाडी खडखडते आणि बाजूला घसरण्याची भीती जास्त. चौकटीच्या, म्हणजे तिरक्या जाळीच्या, चेनमध्ये कायम काहीतरी लोखंड रस्त्याला टेकलेलं असतं. मोटरहोमला मी चौकटीचीच घ्यायला सांगतो. कारच्या नाजूक चेनही नकोत, व्हॅन आणि हलक्या ट्रकसाठीच्या जाड कड्यांच्या बघा. युरोपीय बनावटीच्या पेटीवर ईएन १६६६२-१ हे मानक लिहिलेलं असतं. कापडी आवरणं चढवायला सोपी, पण बर्फ संपून डांबर लागलं की लवकर फाटतात. चार टनांच्या गाडीला ती अडीअडचणीपुरतीच.

मुंबईत सराव कसा करायचा? इथे तर बर्फच नाही.

सरावाला बर्फ लागत नाही, गुडघे लागतात. मी पहिला सराव ऑक्टोबरच्या उन्हात सोसायटीच्या पार्किंगमध्ये केला. वॉचमनकाका खुर्ची ओढून समोरच बसले. "साहेब, गाडी चोरीला जाते म्हणून साखळीने बांधताय का?" पहिल्या चाकाला पाऊण तास लागला. आतल्या बाजूचं कडं दिसत नाही, ते नुसतं बोटांनी शोधायचं असतं, आणि मडगार्ड इतकं खाली की मनगट वळत नाही. तिसऱ्या रविवारी दोन्ही चाकं मिळून पंचवीस मिनिटांवर आलो.

मग बायकोने मासळीबाजारातून पिशवीभर बर्फ आणला. बादलीत हात दोन मिनिटं बुडवायचे आणि लगेच कडं लावायचं. तेव्हा कळलं की सरावात जे बोट काम करत होतं ते थंडीत आपलं राहत नाही. त्या दिवसापासून लोकरीचे हातमोजे बाद, आतून अस्तर असलेले रबरी आले. लोकर ओली झाली की बर्फाहून वाईट.

एक सावधगिरी: चेन चढवून गाडी अर्धा फेरा हलवा, तेवढंच. मी उत्साहात गेटपर्यंत नेली आणि चार पेव्हर ब्लॉक फोडले. सेक्रेटरींचं पत्र अजून फाइलला आहे.

प्रत्यक्ष बसवायची कशी?

सपाट आणि रस्त्याच्या कडेची जागा शोधा, वळणावर कधीच नको. हँडब्रेक, गियर, न हलणाऱ्या चाकाला ओंडका, मागे त्रिकोण, अंगात चमकणारं जॅकेट. गुडघ्याखाली गोणपाट किंवा जुनी चटई. घरातल्या एकाने बाहेर उभं राहून येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवायची, व्हिडिओ काढायचा नाही.

चेन आधी जमिनीवर पसरून पीळ काढा. एकही कडी उलटी राहिली तर पुढचं सगळं चुकतं. मग ती टायरवरून अशी टाका की कड्या जोडणाऱ्या हुकांची उघडी तोंडं बाहेर, तुमच्याकडे राहतील. टायरकडे वळली तर ती रबर कापतात. आधी आतल्या बाजूचं कडं, मग बाहेरचं. खाली दबलेला भाग सुटा राहतो, म्हणून गाडी अर्धा फेरा पुढे घ्या, पुन्हा उतरा आणि घट्ट करा. शेवटी ताण देणारा रबर किंवा साखळी.

आता खरी पायरी, जी सगळे टाळतात. शंभर मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणा. किलोमीटरभराने आणखी एकदा. चेन फिरताना टायरवर बसते आणि सैल पडते. दुसऱ्या वर्षी बाहेर वारा होता म्हणून मी हे टाळलं. सुटलेलं टोक दर फेरीला आतून आपटत होतं आणि मला वाटलं आवाज असाच असतो. मागच्या चाकाजवळून जाणारा बेसिनच्या सांडपाण्याचा पाइप त्याने फोडला. मुक्कामी पोचल्यावर पायरीखाली भांड्यांच्या पाण्याची बर्फाची सुळकी लोंबत होती आणि तिच्यात शेवयांचे दोन तुकडे अडकलेले.

हवा कमी केली तर पकड वाढते म्हणतात, खरं का?

चेन लावायची असेल तर हवा मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. मऊ टायरवर चेन सैल बसते.

वेग किती ठेवायचा?

बहुतेक चेनवर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा असते. ती कारसाठी समजा. मोटरहोमला २५-३० च्या वर नेऊ नका. कोरडं डांबर लागलं तर थांबून चेन काढा. कोरड्या रस्त्यावर चेन स्वतःही झिजते, टायरही खाते आणि ब्रेक लागताना गाडी लोखंडावर सरकते.

अटल बोगद्यातून जाताना काय करायचं?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला हा बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे आणि समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरपेक्षा उंचावर. आत रस्ता कोरडा, आणि आत गाडी थांबवता येत नाही. मनालीच्या बाजूला लख्ख ऊन असताना पलीकडे लाहौलमध्ये सगळं पांढरं, असं सर्रास होतं.

मनालीच्या बाजूचा रस्ता स्वच्छ असेल तर चेन न लावता बोगदा पार करा आणि पलीकडे मोकळी जागा बघून बर्फावर जायच्या आधी लावा. दोन्ही बाजूंना बर्फ असेल तर चेनसकट नऊ किलोमीटर अगदी हळू जावं लागतं, मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या. बर्फ पडत असेल तर पोलीस बऱ्याचदा मनालीच्या बाहेरच गाड्या अडवतात आणि फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या) किंवा चेनवाल्यांनाच पुढे सोडतात. सोडलं म्हणजे गेलंच पाहिजे असं नाही. डिसेंबर २०२४ च्या नाताळात सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या. तिथे तुमची चेन कितीही चांगली असली तरी पुढची आडवी झालेली हॅचबॅक तुमचा रस्ता अडवतेच.

परतीची वेळ दुपारी तीनच्या आत धरा. दिवसा वितळलेलं पाणी सूर्य डोंगराआड गेला की रस्त्यावरच गोठतं आणि डांबरासारखंच काळं दिसतं. हेडलाइटमध्ये ओला रस्ता वाटतो, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडत नाहीत. ती खूण लक्षात ठेवा.

गुलमर्गला चेन भाड्याने मिळते ना?

मिळते. खाली टंगमर्गला चेनवाले उभेच असतात, आणि हिवाळ्यात चेनशिवाय वरचे साधारण तेरा किलोमीटर सोडत नाहीत. पण त्यांच्याकडच्या चेन जीप आणि कारच्या मापाच्या. मोटरहोमच्या चाकाला "बसवून देतो" म्हणत तारेने बांधतात. गाडी टंगमर्गला लावा आणि त्यांच्याच जीपने वर जा.

उतारावर गाडी कशी सांभाळायची?

उतार सुरू व्हायच्या आधी पहिल्या किंवा दुसऱ्या गियरमध्ये या आणि इंजिनलाच गाडी रोखू द्या. ब्रेक दाबून धरू नका. पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवा की मुंबईत त्यात चार रिक्षा शिरतील. चाक घसरलं तर जिकडे जायचंय तिकडे स्टिअरिंग आणि पाय वर. दरीच्या बाजूने ओव्हरटेक करणाऱ्याला वाट द्या आणि त्याला शिव्या मनात द्या.

गाडी फोर बाय फोर आहे. तरी चेन?

हो. फोर बाय फोर निघायला मदत करते, थांबायला नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवायचं का?

खोल बर्फात जागेवरून निघताना ते घसरणाऱ्या चाकाची ताकद कापतं आणि गाडी रुतूनच बसते. निघताना बंद करा, गाडी चालू लागली की पुन्हा चालू.

चेन तुटली तर?

एकसारखी खळखळ म्हणजे ठीक. एकाच लयीत ठक्-ठक् म्हणजे टोक सुटलंय, लगेच थांबा. पेटीत पक्कड, बांधायची तार आणि जोडकड्या ठेवा. दुरुस्ती झाली नाही तर दोन्ही बाजूंच्या चेन काढा. एकाच बाजूला चेन ठेवून चालवली की गाडी तिरकी ओढते.

रात्री वर मुक्काम करायचा तर?

चेन काढून ठेवा, नाहीतर सकाळी ती जमिनीला चिकटलेली सापडते. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले ब्रेक गोठून धरतात. गियरमध्ये ठेवा आणि चाकाला ओंडका लावा. पाण्याच्या टाक्या आणि पाइप रिकामे करा.

डिझेल डोंगराखाली काठोकाठ भरून नेऊ नका. थंड भागातल्या पंपावरचं घ्या, कारण साध्या डिझेलमध्ये मेणासारखे कण जमून फिल्टर बंद पडतो. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं. गॅसचंही तसंच. ब्युटेन शून्याच्या थोडं खालीच वाफ व्हायचं थांबतं, म्हणून सिलिंडर अर्धा भरलेला असूनही सकाळी चहाचं आधण चढत नाही.

आणि थंडी कितीही असो, बंद गाडीत कोळशाची शेगडी किंवा गॅसची शेगडी उबेसाठी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म लावा आणि झरोका उघडा ठेवा. यावर मी फोनवर वाद घालत नाही.

परदेशात मोटरहोम भाड्याने घेतोय. तिथे काय?

आधी करार वाचा. काही कंपन्या स्वतःच्या गाडीला चेन लावायलाच मनाई करतात. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियाकडे निळ्या गोलात साखळी बांधलेल्या चाकाची पाटी दिसली की तिथून पुढे चेन सक्तीची. जर्मनीत चेन लावून ताशी ५० ची कायदेशीर मर्यादा आहे. न्यूझीलंडला मिलफर्ड रोडवर मे ते नोव्हेंबर चेन बरोबर असावी लागते. आपल्या पावसाळ्यात तिथे हिवाळा असतो, हे तिकीट काढताना भलेभले विसरतात.

कॅलिफोर्नियात चेनच्या सक्तीच्या आर-१, आर-२, आर-३ अशा पायऱ्या आहेत. आर-१ आणि आर-२ मध्ये बर्फाचे टायर असलेल्या ठरावीक गाड्यांना सूट मिळते, आर-३ मध्ये कोणालाच नाही. घाटात नंबरचा बिल्ला लावलेले लोक पैसे घेऊन चेन बसवून देतात. पण त्यांना चेन विकायची परवानगी नसते, तुमची तुमच्याकडे हवी.

परत आल्यावर चेन ठेवायची कशी?

आधी गोड्या पाण्याने धुवा. रस्त्यावरची माती आणि मीठ कड्यांत बसलेलं असतं. मग उन्हात पूर्ण वाळवून तेलाचा हात द्या. मुंबईची खारी हवा लोखंडाला सोडत नाही. पहिल्या वर्षी मी ओलीच चेन पेटीत कोंबून पोटमाळ्यावर टाकली. गणपतीत मखर काढायला वर चढलो तर पेटीखाली तांबूस डबकं आणि कड्यांचा एकच गोळा. आता ती तेल लावून, जुन्या गोधडीत गुंडाळून, हवा खेळेल अशी गॅलरीत असते. दर महिन्याला एकदा उलगडून बघतो आणि झिजलेल्या कड्यांवर खडूने खूण करतो. मूळ जाडीच्या निम्म्यावर आलेली कडी दिसली की पुढच्या हिवाळ्यासाठी नवी जोडी घेतो.